आईचं शुगरचं अ‍ॅप आणि रूट केलेला फोन

आई इन्सुलिनवर आहे. डॉक्टरांनी तिला दंडावर लावायचा, 14 दिवस चालणारा ग्लुकोज सेन्सर सुचवला. त्यासाठी एनएफसीचा (जवळ धरून सेन्सर वाचू शकणारा) फोन हवा होता, म्हणून भाच्याचा जुना पिक्सेल घेतला. सेन्सर लावण्याआधी अ‍ॅप उघडून पाहिलं, तर या फोनच्या सिस्टीममध्ये बदल केलेले आहेत, असं सांगून ते बंदच झालं.

भाच्यानं कॉलेजात असताना बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करून त्यात कुठल्याशा ग्रुपवरची कस्टम रॉम, म्हणजे कंपनीची नसलेली सिस्टीम, टाकली होती आणि फोन रूट केला होता, म्हणजे सिस्टीमवर पूर्ण ताबा मिळवला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, सोपं आहे. मॅजिस्क या रूटच्या अ‍ॅपमधून रूट लपवतो, अ‍ॅपला पत्ताही लागणार नाही."

मला नेमकं तेच नको होतं. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपचा डेटा वेगळा, बंदिस्त असतो. एका अ‍ॅपला दुसऱ्याचा दिसत नाही. रूटची परवानगी मिळालेल्या अ‍ॅपला मात्र ही आडकाठी नसते. शुगरच्या नोंदी, इन्सुलिनचे डोस, लॉगिन, सगळं ते वाचू शकतं आणि बदलूही शकतं. वाचलं जाण्यापेक्षा बदललं जाण्याची धास्ती मला जास्त होती. शुगर 58 असताना स्क्रीनवर 158 दिसलं आणि आईनं त्यावर इन्सुलिन घेतलं तर?

सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबर पाहिला, तर शेवटी 'टेस्ट-कीज' लिहिलेलं. म्हणजे ती रॉम ज्या कीनं (डिजिटल सहीच्या किल्लीनं) साइन केली होती, ती अँड्रॉइडच्या सोर्स कोडसोबत सगळ्या जगाला उपलब्ध असते. तीच की वापरून कुणीही अ‍ॅप बनवावं आणि फोननं ते घरचं समजून सिस्टीमचे अधिकार द्यावेत, इतकी ती उघडी होती. हे दाखवल्यावर भाचा स्वतःच लॅपटॉप घेऊन आला.

मूळ सिस्टीम परत टाकायची ठरली. आधी फोनमधले फोटो दुसरीकडे कॉपी करून घेतले, कारण यात फोन पूर्ण पुसला जातो. मग क्रोममध्ये गुगलचं अँड्रॉइड फ्लॅश टूल उघडून त्याच मॉडेलचं सगळ्यात नवीन अधिकृत बिल्ड, म्हणजे गुगलची स्वतःची सिस्टीम, टाकलं. फोन त्यावर नीट सुरू झाल्यावरच बूटलोडर लॉक केला. हा क्रम चुकवू नका. कस्टम रॉम असतानाच लॉक केलं तर फोन सुरूच न होण्याची शक्यता असते. लॉक करतानाही डेटा पुन्हा पुसला जातो, त्यामुळे आईचं खातं तोवर टाकलंच नव्हतं. चालू होताना येणारी बूटलोडरची सूचना गेली, प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये फोन 'सर्टिफाइड' दिसू लागला. डेव्हलपर ऑप्शन्समधलं ओईएम अनलॉकिंगही (बूटलोडर अनलॉक करू देणारी सेटिंग) बंद केलं. भाच्यानं त्या फोनवर वापरलेल्या खात्यांचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले.

दुसऱ्या कंपनीच्या फोनची पद्धत वेगळी असते. फर्मवेअर (फोनची मूळ सिस्टीम) अधिकृत ठिकाणाहून मिळत नसेल तर त्या फोनचा नाद सोडा. सेन्सरसोबत आकडा दाखवणारा वेगळा रीडर मिळत असेल तर तो घ्या.

आता अ‍ॅप चालतं. कमी शुगरचा अलार्म 70 वर ठेवलाय, डू नॉट डिस्टर्बमध्येही तो वाजेल असं केलंय आणि अ‍ॅपवरची बॅटरीची बंधनं काढलीत. सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, रक्तातली नाही. त्यामुळे शुगर झपाट्यानं उतरत असेल तर आकडा थोडा मागे राहतो. आईला घाम फुटला, हात थरथरले आणि स्क्रीनवर मात्र सगळं ठीक दिसलं, तर आम्ही आधी ग्लुकोमीटरवर बोट टोचून बघतो.