घरात काय आहे?

रविवार, रात्री साडेदहा

आज उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणताना माझा भाचा मध्येच गप्प झाला. तो माझ्या शेजारी उभा होता, म्हणून मला ते कळले. रोजच्या भाकरीपर्यंत त्याचा आवाज येत होता. पुढे ‘आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ हे साऱ्या मंडळीने म्हटले, तेव्हा तो पायांतल्या बुटांकडे पाहत राहिला. चार महिन्यांनी तो चर्चमध्ये आला होता, तोही मी घरी जाऊन बसले म्हणून. लहानपणापासून म्हणत आलेल्या या ओळीतला ‘ऋण’ हा शब्द आपण पापाच्या अर्थाने घेतो आणि तो अर्थ बरोबरच आहे. परंतु ज्याच्या खिशातला फोन उपासनेतसुद्धा थरथरत असतो, त्याला त्या शब्दात पैसेच ऐकू येतात.

दुपारी तो जेवायला आमच्याकडे थांबला. जेवण नावालाच झाले. त्याचा मंडप आणि स्पीकरचा धंदा आहे. २०२० च्या टाळेबंदीत लग्ने थांबली, टेम्पोचे हप्ते मात्र थांबले नाहीत, आणि ते भागवण्यासाठी पहिल्यांदा पतसंस्था, मग ओळखीतले हातउसने, मग बायकोच्या बचत गटातली रक्कम आणि शेवटी सावकार, अशा पायऱ्या तो उतरत गेला. चर्चला न येण्याचे खरे कारणही आज बाहेर पडले. ज्या वडिलधाऱ्या गृहस्थांकडून त्याने चाळीस हजार घेतले होते, ते तिसऱ्या बाकावर बसतात.

मग तो म्हणाला, “मावशी, मी नसतो तर विम्याच्या पैशांत सगळे मिटले असते.”

हे वाक्य ऐकून न ऐकल्यासारखे करणे सोपे होते. मी तसे केले नाही. जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे मी त्याला सरळ विचारले आणि त्याने होकारार्थी मान हलवली. त्याच्या फोनमध्ये टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मी स्वतः घालून दिला, माझ्या समोर तो लावायला सांगितला आणि पलीकडच्या व्यक्तीशी तो बोलत असताना मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. आमच्या मंडळीत काही जणांना असे वाटते की अशा वेळी प्रार्थना सोडून फोन करणे म्हणजे विश्वास कमी पडणे. मला तसे वाटत नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला भाकर आणि पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले.

फोन झाल्यावर त्याने चहा घेतला आणि मी शास्त्र काढले. जुन्या करारातले २ राजे हे पुस्तक, चौथा अध्याय. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा अलीशा संदेष्ट्याकडे ओरडत येते: नवरा मेला, तो देवभीरू होता हे तुम्हाला माहीत आहे, आणि आता सावकार माझ्या दोन मुलांना दास करून न्यायला आला आहे. पवित्र शास्त्रात कर्जात बुडालेल्या माणसाचा हा आवाज आहे आणि तो देवभीरू घरातून आलेला आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. कर्ज म्हणजे अविश्वासाचे फळ, असे जे ठरवून टाकतात, त्यांनी हे पहिले वचन वाचलेलेच नसते. भाच्याच्या दारात उभे राहून एकाने त्याला ‘कोणाच्या ऋणात राहू नका’ हे रोमकरांस पत्रातले वचन ऐकवले होते; आणि बाहेरगावच्या एका प्रचारकाने पाच हजारांचे ‘बीज’ पेरायला, म्हणजे आशीर्वादाच्या आशेने दान द्यायला सांगितले, तेही त्याने उसने घेऊन पेरले होते. हे ऐकून मला जो राग आला, तो अजून उतरलेला नाही.

अलीशाने त्या बाईला दोष दिला नाही. त्याने विचारले, तुझ्या घरात काय आहे? ती म्हणाली, तेलाच्या एका कुपीखेरीज काही नाही. मग तो तिला सांगतो की शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, आणि थोडकी आणू नकोस.

या ठिकाणी मी दरवेळी अडखळते. देवाला तिच्या घरातल्या भांड्यांतच तेल वाढवता आले नसते का? परंतु तिला दारोदार जावे लागले, आणि ‘एवढी रिकामी भांडी कशाला हवीत’ या प्रश्नाला प्रत्येक दारात काहीतरी उत्तर द्यावे लागले असेल. ज्या गल्लीला तिचे हाल ठाऊक नव्हते, तिलाही त्या दिवशी ते ठाऊक झाले असतील. चमत्काराच्या आधी तिची झाकली मूठ उघडली, असे मी ही गोष्ट वाचते. कदाचित माझ्या स्वतःच्या आयुष्यामुळे तशी वाचत असेन.

१९९८ साली यजमान त्यांच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याला साठ हजारांसाठी जामीन राहिले. सहकाऱ्याने हप्ते थकवले आणि यजमानांच्या पगारातून दरमहा चौदाशे रुपये कापले जाऊ लागले. हे त्यांनी मला अकरा महिने सांगितले नाही. घरात साखर मोजून येऊ लागली, मुलीच्या सहलीला नाही म्हटले गेले, आणि मी वेड्यासारखी स्वतःचाच खर्च कुठे चुकतो आहे ते शोधत राहिले. शेवटी पगाराची चिठ्ठी धुण्याच्या पॅंटमध्ये सापडली. जामीन राहिलेल्या माणसाने डोळ्याला झोप लागू न देता जाऊन विनवणी करावी, असे नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात आहे. यजमान जागे राहत, पण जात कोठेच नसत. चौदाशे रुपयांपेक्षा त्या अकरा महिन्यांच्या मौनाने आमच्या घराचे अधिक नुकसान केले, असे मी आजही म्हणते, आणि ते हयात असते तर त्यांनीही मान्य केले असते.

म्हणून मी भाच्याला विचारले, “सुनेला किती माहीत आहे?” तो म्हणाला, “पतसंस्थेचे. बाकीचे नाही.”

बुधवार

आज तो बायकोला घेऊन आला. रविवारी रात्रीच त्याने तिला सर्व सांगितले होते. ती रडली, मग चिडली, आणि मग तिने स्वतःचेही एक कर्ज सांगितले, जे त्याला ठाऊक नव्हते. दोघेही एकमेकांना वाचवण्यासाठी लपवीत होते.

गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही यादी केली. आमच्या जिल्ह्यात आणि शेजारच्या पुणे जिल्ह्यातील सुप्यात १८७५ साली रयतेने सावकारांच्या घरांतून कर्जरोखे काढून जाळले होते, हे मी शाळेत अनेक वर्षे शिकवले. त्यांना कागद नाहीसा करायचा होता. आम्हाला आधी कागद तयार करायचा होता, कारण भाच्याच्या डोक्यात एकूण आकडा नव्हताच, नुसता अंधार होता. बेरीज सात लाख पंचेचाळीस हजार झाली. त्याला ती दहा लाखांच्या पुढे वाटत होती. सात लाख काही कमी नाहीत, पण आकडा कागदावर आल्यावर तो प्रथमच खुर्चीत मागे टेकून बसला.

सावकाराचा हिशेब मी मुद्दाम शेवटी घेतला. दोन लाख, महिना शेकडा पाच. म्हणजे दरमहा दहा हजार नुसते व्याज, आणि असे सव्वीस महिने झाले. दोन लाखांवर दोन लाख साठ हजार देऊन झाले आणि मुद्दल जसेच्या तसे उभे. यहूदाचा सुभेदार नहेम्या याच्या पुस्तकातल्या पाचव्या अध्यायात लोक शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकून धान्य आणतात, तेव्हा नहेम्या त्या ऋणकोंवर संतापत नाही; तो सरदारांना आणि अधिकाऱ्यांना भरसभेत उभे करतो आणि घेतलेला शतांशही परत करायला लावतो. शतांशावर तो एवढा खवळला होता; इथे तर शेकडा पाच चालले होते.

महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. या सावकाराने आजवर एकदाही पावती दिलेली नाही. भाचा घाबरतो आहे आणि त्याचे घाबरणे मला खोटे वाटत नाही. म्हणून आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन वकिलाचा सल्ला घ्यायचा, असे ठरले. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते, त्यामुळे सुनेने अर्ज करावा. टेम्पोच्या कर्जासाठी रात्री नऊला फोन करणाऱ्या वसुलीवाल्याला मी आज स्वतः सांगितले की सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बॅंकेचा नियम आहे. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि ‘मॅडम, आम्हाला पण टार्गेट असते’ म्हणाला. त्याचीही दया आली.

मग सुनेने विचारले, “मावशी, आपल्या घरात तेलाची कुपी कोणती?” हा प्रश्न मी विचारणार होते, पण तो तिने विचारला हे फार बरे झाले. जनरेटर भाड्याने देता येतो. दुसरा स्पीकर संच विकता येतो. तिला शिवणकाम येते. त्या विधवेच्या गोष्टीतही नाण्यांचा पाऊस पडला नाही; तेल मिळाले, ते बाजारात नेऊन विकावे लागले आणि त्यातून देणे फेडावे लागले. ‘प्रभूने क्षमा केली’ म्हणून पतसंस्था खाते बंद करणार नाही, हे मी भाच्याला स्पष्ट सांगितले. त्याच्यावरचा दोष ख्रिस्ताने वाहिला आहे, पण हप्ता त्यालाच भरायचा आहे. या दोन गोष्टी त्याच्या मनात इतके दिवस एकच होऊन बसल्या होत्या, आणि हप्ता चुकला की आपण देवालाही नकोसे झालो, असे त्याला वाटत होते.

रविवार

आज तो शेवटच्या बाकावर बसला आणि आशीर्वादाआधीच बाहेर पडला. तिसऱ्या बाकावरचे गृहस्थ त्याच्या मागोमाग गेले. माझ्या पोटात गोळा आला. मी बाहेर आले तेव्हा दोघे फाटकाजवळच्या लिंबाखाली उभे होते आणि भाचा कॅलेंडरचा तो घडी केलेला कागद उघडून त्यांना दाखवत होता. चाळीस हजारांचे दरमहा दोन हजार, असे ठरले म्हणे. शिवाय त्यांच्या पुतणीच्या साखरपुड्याचा मंडपही त्यालाच सांगितला आहे, आणि त्याचे पैसे हप्त्यात वळते न करता रोख देणार आहेत.

सोमवारी पतसंस्थेत मुदत वाढवून मागायला जायचे आहे. पासबुक मी माझ्याच पिशवीत ठेवून घेतले आहे, तो विसरतो.