एलडीआरच्या जोडीला कोणता रोधक? प्रयोगवहीतील पुढची नोंद

मागच्या वेळी एलडीआर, म्हणजे उजेड वाढला की ज्याचा रोध कमी होतो असा घटक, आणि १ किलोओहमचा रोधक एकसर जोडून त्यांना ५ व्होल्टचा पुरवठा दिला होता, पण दोघांच्या सांध्यावरचे व्होल्टेज अडीच व्होल्टच्या पुढे जातच नव्हते. मी दोष एलडीआरमध्ये शोधत राहिलो. तो निघाला जोडीच्या रोधकात.

या वेळी सुरुवात मोजणीपासून केली. एलडीआरचा एक पाय ब्रेडबोर्डमधून (सोल्डर न करता जोडण्या करायच्या फळ्यातून) मोकळा करून मल्टिमीटर लावला, तेव्हा टेबलावरच्या दिव्याखाली रोध १.२ किलोओहम आला आणि पेनाचे काळे टोपण घातल्यावर ६८ किलोओहम. हा दुसरा आकडा मिळवताना धीर धरावा लागला. टोपण घातल्याबरोबर रोध झपाट्याने चढतो, मग चढण्याचा वेग मंदावतो आणि शेवटचे काही किलोओहम तो अगदी रेंगाळत वाढतो. एलडीआरच्या तोंडावर जी नागमोडी पट्टी दिसते, ती बहुधा कॅडमियम सल्फाइडची असते. प्रकाशाने तिच्यात मोकळे झालेले इलेक्ट्रॉन अंधार होताच एकदम जागेवर परतत नाहीत, म्हणून अंधाराकडे जाताना हा घटक उजेडाकडे जातानापेक्षा संथ असतो. त्यामुळे प्रत्येक वाचन टोपण घातल्यापासून बरोबर एक मिनिटाने घेण्याचा नियम मी ठरवून घेतला आहे.

एलडीआर वर, म्हणजे पुरवठ्याच्या धन टोकाकडे, आणि स्थिर रोधक खाली ठेवला, की सांध्यावरचे व्होल्टेज म्हणजे ५ गुणिले स्थिर रोध भागिले दोन्ही रोधांची बेरीज. १ किलोओहम असताना उजेडात २.२७ आणि अंधारात ०.०७ व्होल्ट मिळतात, म्हणजे फरक २.२० व्होल्टचा. १०० किलोओहम लावल्यास उजेडात ४.९४ मिळतात खरे, पण अंधारातही २.९८ व्होल्ट उरतात आणि फरक १.९६ वर येतो. १० किलोओहमला मात्र ४.४६ पासून ०.६४ पर्यंत, म्हणजे ३.८२ व्होल्टचा पल्ला मिळतो. कारण सरळ आहे: १.२ आणि ६८ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ सुमारे ९ येते, आणि दोन टोकांच्या रोधांचा असा भूमितीय मध्य घेतला की फरक सर्वांत मोठा पडतो. मल्टिमीटरवरची वाचने या हिशेबाला शेवटच्या अंकाच्या फरकाने जुळली, याचा मला मनापासून आनंद झाला.

तरीही १० किलोओहम हे प्रत्येक कामाचे उत्तर नव्हे, असे माझे ठाम मत झाले आहे. मला संधिप्रकाशात दिवा लागायला हवा आहे, आणि ज्या क्षणी तो लागावा असे वाटते त्या उजेडात माझ्या एलडीआरचा रोध २२ किलोओहम भरतो. जोडीला २२ किलोओहमचाच रोधक ठेवला, तर नेमक्या त्या क्षणी सांध्यावर २.५ व्होल्ट असतात आणि एलडीआरचा रोध दहा टक्के वाढला की व्होल्टेज ०.१२ ने उतरते. जुन्या १ किलोओहमच्या रोधकावर तेवढ्याच बदलाला जेमतेम ०.०२ व्होल्टचा फरक पडला असता. कंपॅरेटरला, म्हणजे सांध्यावरचे व्होल्टेज एका ठरलेल्या व्होल्टेजशी ताडून दिवा लावायचा की नाही हे ठरवणाऱ्या घटकाला, निर्णय घ्यायचा असतो तो याच बिंदूपाशी, म्हणून आता ब्रेडबोर्डवर २२ किलोओहमचा रोधक बसवला आहे आणि पुढची वाचने त्याच्यावरच घेणार आहे.