रेषेबाहेरचा गोल

ट्वेन्टी-२० विश्वचषक चालू असताना क्रीडा पानावर फुटबॉलसाठी जागा मागणं म्हणजे गणपतीत लक्ष्मी रस्त्यावर पार्किंग शोधणं. ११ जून २०२४ च्या रात्री मात्र पानाची वरची अख्खी पट्टी माझ्या वाट्याला आली होती. दोह्यात भारत-कतार सामना. जिंकलो तर २०२६ च्या विश्वचषक पात्रतेची तिसरी फेरी, जिथे भारत कधीच पोचला नव्हता. कतार आधीच पुढे गेलेलं, त्यामुळे त्यांनी बरीचशी नवी पोरं उतरवली होती.

३७ व्या मिनिटाला मुंबई सिटी क्लबच्या छांगटेने भारताचा गोल मारला आणि मी इंट्रो, म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद, लिहूनच टाकला. त्यात ‘ऐतिहासिक’ होतं. आमच्या धंद्यात हा शब्द स्वस्त, पण त्या रात्री खरा ठरला असता.

मग ७३ वं मिनिट. कतारच्या युसूफ आयमेनचं हेडर आपला गोलरक्षक गुरप्रीतने अडवलं आणि चेंडू त्याच्याकडून निसटून पोस्टच्या बाजूने रेषेपलीकडे गेला. आता कॉर्नर, म्हणून आपले खेळाडू थांबले. कतारच्या एकाने पायाने चेंडू आत ओढला, आयमेनने तो जाळ्यात ढकलला. सहायक पंचांचा झेंडा खालीच. मुख्य पंचांनी गोल दिला. या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारे पंच, नव्हतेच, त्यामुळे दाद मागायची सोय नाही.

पाकिस्तान-कॅनडा सामना बघत बसलेले क्रिकेटवालेही उठून आमच्या टीव्हीपाशी आले. रिप्ले लागला. ‘अरे, हा तर ढळढळीत बाहेर आहे!’ चेंडू पूर्णपणे रेषेपार गेला की खेळ थांबतो, हे शाळेच्या मैदानावरच्या पोरालाही माहीत असतं. ८५ व्या मिनिटाला अहमद अल रावीने दुसरा गोल केला. २-१. गटातून दोनच संघ पुढे जाणार होते, आणि तिकडे आपल्याच गटातल्या कुवेतने अफगाणिस्तानला १-० हरवलं. त्यांचे सात गुण झाले, आपले पाचच राहिले. म्हणजे बरोबरीनेही भागलं नसतं.

डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी लवकर निघणाऱ्या अंकाचं, पान सोडायची वेळ उलटत होती. वृत्तसंपादक मागे येऊन उभे. ‘पंचांनी लुटलं, असं लाव. मोठ्या टायपात.’

लुटलं होतंच, त्यात शंका नव्हती. तरी मी म्हटलं, ‘साहेब, शेजारी या फेरीतल्या आपल्या सहा सामन्यांचा तक्ता टाकू या. सहा सामन्यांत आपले गोल तीन, त्यातला एक पेनल्टीवर. मार्चमध्ये गुवाहाटीत, घरच्या मैदानावर अफगाणिस्तानकडून हरलो. कर्णधार छेत्रीच्या निरोपाच्या सामन्यात कोलकात्यात कुवेतशी गोलशून्य. जानेवारीत आशिया चषकात सहा गोल खाल्ले, केला एकही नाही. त्या सगळ्याला कुठला पंच जबाबदार?’

‘बरोबर आहे रे तुझं. पण आज हे वाचायच्या मनःस्थितीत कोण आहे?’

मला त्यांचा राग आला नाही. पहाटे पेपर उघडणाऱ्याला आधी रेषेबाहेरच्या चेंडूचा फोटो हवा असतो, हे मलाही कळतं. डाक आवृत्तीत तक्ता गेला नाही. शहर आवृत्तीत एका जाहिरातीची उंची कमी झाली, तेव्हा तळाशी एका कॉलमात बसवला. टाइप इतका बारीक की चष्म्याशिवाय वाचता येऊ नये.

पुढे भारतीय फुटबॉल महासंघाने चौकशीची मागणी केली, आठवडाभरात प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना काढलं. खरा फटका नंतर बसला. गटात पहिल्या दोनांत आलो असतो, तर २०२७ च्या आशिया चषकाचं तिकीटही थेट मिळालं असतं. आता त्यासाठी वेगळी पात्रता खेळावी लागली. तिथे बांगलादेशशी शिलाँगमध्ये ०-०, हाँगकाँगकडून हार, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात फातोर्ड्यावर सिंगापूरने २-१ ने हरवून आपल्याला बाहेर काढलं. पहिला गोल तिथेही छांगटेनेच केला होता.