मांडीवरची बादली

अडीच दिवस डोंगरात पायपीट झाली. त्यात सांगण्यासारखं फार नाही. परतीच्या सकाळी ओढ्यात पाय सोडून बसले, तेवढ्यात शेजारच्या दगडावर काहीतरी सरकलं. मळ्या मासा! बोटाएवढा. तोंडाखालची चकती दगडाला चिकटवून भर धारेत निवांत शेवाळ खरवडत होता.

ज्यांच्या रानातून ओढा जातो त्या काकांना विचारलं. "न्या की, पण टिकायचे नाहीत," म्हणाले. राग आला मला.

मागे धावून मळ्या सापडत नाही. जाळी खालच्या अंगाला धरायची आणि वरचा दगड हलवायचा, धारेबरोबर आपसूक जाळीत येतो. सहा मळ्ये, चार मुऱ्या, म्हणजे वाळूत दडणारे लहान मासे. तिघा-चौघांवर थांबायला हवं होतं, पण हात थांबेना.

मग चार तासांची बस. बादली मांडीवर. तासाभरात हवेच्या पंपाचे सेल संपले, जादा सेल घ्यायचं सुचलंच नव्हतं. ओढ्यात २२ अंश असलेलं पाणी २९ वर गेलं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, हे मला तोंडपाठ होतं. पाहिलं नव्हतं कधी. मळ्ये पृष्ठभागाशी तोंडं उघडून लटकले. मी पेल्यानं पाणी उचलून उंचावरून परत ओतत राहिले. सलवार चिंब. एका आजींनी काही न विचारता आपली गार पाण्याची बाटली पुढे केली, "बूच उघडू नको, तशीच सोड आत." त्या बाटलीवर चौघे तगले. दोघे गेले.

घरी माशांची काचेची टाकी दीड महिना चालू होती, एका टोकाला जोरकस पंप लावून धारही केली होती. पण निघण्याआधी काचा घासून लख्ख केल्या होत्या, मोठ्या अभिमानानं! खरवडायला शेवाळच नाही. बिचारे कोरी काच चाटत होते.

तिसऱ्या रात्री एक जण ओल्या काचेवरून चढून पाइपाच्या फटीतून बाहेर पडला. सकाळी फरशीवर सापडला. फटीत आता स्पंज कोंबलाय. उरलेल्यांना परत ओढ्यात सोडावं असं फार वाटतं, पण टाकीतला रोग तिकडे गेला तर? ती वाट मी आणतानाच बंद केली.

गच्चीत उन्हाला टबात दगड भिजत घातलेत. हिरवे झाले की टाकीत, टाकीतले परत टबात. मुऱ्या वाळूत गडप आहेत. चार आहेत असं धरून चाललेय.