लॉक-इन चालू असताना मालक म्हणाले घर खाली करा – माझा अनुभव

आमचा लीव्ह अँड लायसन्सचा करार 24 महिन्यांचा, त्यातले पहिले 12 महिने लॉक-इन, म्हणजे तेवढ्या काळात करार मधेच मोडायचा नाही, आणि ते संपायला बराच वेळ असतानाच मालकांचा फोन आला की ताई, फ्लॅट विकायला काढला होता, पार्टी मिळालीये, टोकनपण घेतलंय, तर महिनाअखेरीस मोकळा करून द्या.

मी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. "काका, हे जरा मेसेज करून ठेवा ना, घरी दाखवते" एवढंच. त्यांनी लगेच पाठवला. पुढे सगळ्यात जास्त हाच मेसेज कामी आला कारण त्यात त्यांनी स्वतःच लिहिलेलं की तुमच्याबद्दल काही तक्रार नाही, भाडं वेळेवर येतं, फक्त विक्रीसाठी घर हवंय.

मग करार काढला. रजिस्टर्ड होता त्यामुळे प्रत हाताशी होती. इथे एक गोष्ट बघाच, बऱ्याच तयार फॉरमॅटमध्ये लॉक-इन फक्त राहणाऱ्यावर असतो, म्हणजे तुम्ही मधेच सोडलं तर उरलेलं भाडं भरा, पण मालकाने मधेच काढलं तर काय याबद्दल अवाक्षर नाही. आमच्यात नशिबाने "दोन्ही पक्षांवर बंधनकारक" असं होतं, आणि मालकाला आधी संपवायचा असेल तर भाडं थकणं किंवा घराचा गैरवापर एवढीच कारणं दिलेली.

ओळखीतल्या सगळ्यांनी सल्ले दिले. अर्धे म्हणाले घर त्यांचं आहे, वाद नको, निघा. बाकीचे म्हणाले हलूच नका, कोर्टात वर्षानुवर्षं कोणी काढू शकत नाही. वकील मॅडमनी दोन्ही गटांना निकालात काढलं. त्या म्हणाल्या वर्षानुवर्षं वाली गोष्ट पागडीच्या जुन्या भाडेकरूंची, तुमचं लायसन्स आहे, म्हणजे ठराविक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी, आणि लायसन्सची मुदत संपल्यावर बसून राहिलात तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशी प्रकरणं ऐकणारा सरकारने नेमलेला अधिकारी) जाऊ शकतो आणि दुप्पट भाड्याने भरपाई पण मागू शकतो. पण तुमची मुदत संपलीच नाहीये, त्यामुळे तो रस्ता त्यांना आत्ता मोकळा नाही.

लायसन्स म्हणजे मुळात कमजोर हक्क हे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात (हो, एवढा जुना, आणि अजून तोच लागतो) कलम 59 आहे, त्यानुसार मालमत्ता विकली की नवीन मालक जुन्या लायसन्सला आपोआप बांधील नसतो. हे ऐकून माझे हातपाय गार पडले. पण त्याच कायद्यात कलम 63 म्हणतं की लायसन्स रद्द केलं तरी सामान हलवून निघायला वाजवी वेळ द्यावाच लागतो, आणि कलम 64 म्हणतं की पैसे घेऊन दिलेलं लायसन्स असेल, राहणाऱ्याची काही चूक नसेल आणि मुदतीआधी बाहेर काढलं तर त्याला भरपाई मागता येते. म्हणजे घर धरून बसण्यात आमचा जोर नव्हता, भरपाईत होता. मला वाटतं बहुतेक लोक इथेच चुकीच्या गोष्टीसाठी भांडत बसतात.

मॅडमनी साधं उत्तर लिहून दिलं, ते ईमेल पण केलं आणि स्पीड पोस्टने पण पाठवलं. लॉक-इनचं कलम, त्यांचाच मेसेज, आणि शेवटी सामोपचाराने सोडायला तयार आहोत पण अटींवर. त्यानंतर काकांचा सूर बदलला. आधी म्हणाले या महिन्याचं भाडं पाठवूच नका, मी ते तरीही बँकेतून ठरल्या तारखेला पाठवलं, कारण उद्या "भाडं थकवलं" हे कारण त्यांना आयतं मिळालं असतं. मग त्यांचा मुलगा येऊन कुलूप बदलायची भाषा करून गेला. तेव्हा पोलीस स्टेशनला लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. तिथे ऐकायला मिळालं की हा दिवाणी मामला आहे, जे बरोबरच आहे, पण धमकी दिली होती त्यामुळे मुलाला बोलावून समज दिली, आणि तो विषय तिथेच संपला.

खरं तर घाई त्यांना होती. पार्टीला रिकामा फ्लॅट हवा होता आणि आमच्याशी भांडण म्हणजे सौदा अडकणार. म्हणून एके दिवशी सगळे बसलो आणि ठरलं की नवीन घर मिळेपर्यंत वेळ, नवीन घराचं ब्रोकरेज आणि टेम्पो-हमालीचा खर्च त्यांचा, वर एक महिन्याचं भाडं, आणि पूर्ण डिपॉझिट किल्ली देतानाच. हे सगळं कागदावर, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार.

सोडायच्या दिवशी मीटरचं रीडिंग आणि प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढला. काकांनी रंगकामाचे पैसे कापायचा विषय काढलाच. मी कागद पुढे केला, त्यात लिहिलेलं की नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून काही नुकसान असेल तरच कपात. भिंतीवर चार खिळ्यांची भोकं, बस. थोडं पुटपुटले, मग तिथेच ट्रान्सफर केलं, खात्यात जमा झाल्याचं बघितलं आणि मगच किल्ल्या दिल्या.

नवीन घराच्या करारात आम्ही लॉक-इनच्या कलमाखाली एक ओळ वाढवून घेतली, मालकाने मुदतीआधी मोडला तर ब्रोकरेज आणि शिफ्टिंगचा खर्च त्याच्याकडे. एजंट म्हणाला असं कोणी लिहीत नाही. मालकांनी मात्र वाचलं, दोन मिनिटं विचार केला आणि सही केली.