खुनशी, की सूड घेणारा?

"'व्हिंडिक्टिव्ह' म्हणजे सूड घेणारा, असंच ना?" भाषांतरं करते म्हटलं की हा प्रश्न मला हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. जवळपास तसंच, पण प्रत्यक्ष सूड घेतलाच पाहिजे, असं नाही. कृतीपेक्षा हा शब्द स्वभावाचा आणि हेतूचा आहे. मराठीत मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो 'खुनशी'. नाहीतर 'डूख धरणारा'.

समजा, बैठकीत कुणीतरी साहेबांच्या तक्त्यातली बेरीज चुकल्याचं दाखवून दिलं. साहेब हसले, थँक्यू म्हणाले. त्यानंतर चार महिने त्या माणसाचा रजेचा अर्ज दर वेळी 'बघून सांगतो' म्हणून टेबलावरच पडून राहतो, आणि नकोशी कामं नेमकी त्याच्याच वाट्याला येतात. आरडाओरडा नाही, भांडण नाही. साहेब व्हिंडिक्टिव्ह आहेत. बापाच्या खुन्याचा वीस वर्षं माग काढणाऱ्याला मात्र मी 'व्हेंजफुल' म्हणेन. त्या शब्दाला एक भारदस्तपणा आहे. व्हिंडिक्टिव्हमध्ये कोतेपणा येतो: लागलेलं असतं एवढंसं, वचपा मात्र ढीगभर. (उच्चारताना जोर 'डिक'वर द्या.)

गंमत मुळाशी आहे. लॅटिनमधल्या 'विंदिकारे'चा अर्थ हक्क सांगणं, सोडवणं आणि सूड घेणंही. 'विंदिक्ता' म्हणजे सूड, आणि रोममध्ये गुलामाला मुक्त करताना अधिकाऱ्यासमोर त्याच्या अंगाला जी काठी लावत, तिचंही नाव तेच! त्याच मुळातून 'रिव्हेंज' आला, 'अव्हेंज' आला, आणि 'व्हिंडिकेट'सुद्धा. या शेवटच्याचा सुडाशी आज काही संबंध उरलेला नाही. आरोपातून मुक्त होणं, म्हणणं खरं ठरणं, एवढाच त्याचा अर्थ.

मी पडले ती इथेच. नवखी असताना 'द रिपोर्ट व्हिंडिकेटेड हिम' हे वाक्य समोर आलं. म्हणायचं होतं, अहवालामुळे तो निर्दोष ठरला. मी बिनदिक्कत लिहिलं, 'अहवालाने त्याच्यावर सूड उगवला.' संपादकांनी लाल शाईने गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'कागदाने?' पुढे कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला ते हे वाक्य माझ्यादेखत ऐकवायचे. खुनशी नव्हते हो ते. पण एकदा त्यांच्या अग्रलेखातली चूक मी चारचौघांत काढली होती, हेही खरं.