अख्ख्या गावाने वाचलेला ड्रॅक्युला

डब्लिनच्या सार्वजनिक लायब्ररीवाल्यांचा २००६ पासून एक उद्योग चालतो, वर्षाला एक पुस्तक ठरवायचं आणि एप्रिल महिनाभर सगळ्या शहराने तेच वाचायचं. आपल्याकडे पारायण बसतं ना तसंच, फक्त सोवळंओवळं नाही आणि मध्येच डुलकी लागली तर पाप लागत नाही. २००९ ला त्यांनी ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' घेतली. स्टोकर तिथलाच, डब्लिनच्या सरकारी ऑफिसात कारकुनी केलेला, पण कादंबरीत डब्लिन औषधालाही नाही! सगळं ट्रान्सिल्व्हेनिया नाहीतर इंग्लंड. तरी आपल्या गावचा पोरगा म्हणून कौतुक.

क्लासिक पुस्तकांचं असं असतं की ती न वाचताच वाचून झालेली असतात. रक्तपिपासू ड्रॅक्युला म्हटलं की काळा झगा, चोपून बसवलेले केस, आणि मारायचं तर छातीत खुंटी. मी पुस्तक उघडलं तर दारात म्हातारा उभा, चांगल्या लांब पांढऱ्या मिशावाला! पुढे हाच बाबा लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो. आणि शेवटी (१८९७ चं पुस्तक आहे, सांगितलं तर चालेल) खुंटीबिंटी काही नाही, एकजण गळ्यावरून कुकरी फिरवतो, दुसरा छातीत सुरा खुपसतो. कुकरी, बोला आता.

पण कादंबरीत खरी ग्रेट आहे ती मीना नावाची बाई. सगळ्यांकडे एकेक तुकडा, कोणाची डायरी, कोणाची पत्रं, डॉक्टरने तर फोनोग्राफवर बोलून ठेवलेलं, आणि कोणालाच धड काही कळत नसतं. ही बाई ते सगळं गोळा करून टाइप करते, तीन-तीन प्रती काढते, तारखेप्रमाणे लावते आणि मग अख्खी गँग तेच बाड वाचते तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडतो. काउंट ड्रॅक्युलाही काही खुळा नाही, तो येऊन आधी कागदच जाळतो, पण एक प्रत तिजोरीत असते. म्हणजे सगळ्यांनी मिळून एकच वाचायचं हा लायब्ररीचा कार्यक्रम स्टोकरने आधीच कादंबरीत करून ठेवलाय, निवडणाऱ्यांनी हे बघून निवडली का काय कोण जाणे.

२०१० ला त्यांनी ऑस्कर वाइल्डची 'डोरियन ग्रे' लावली. हा वाइल्ड एकेकाळी फ्लॉरेन्स नावाच्या मुलीच्या मागे होता आणि तिने लग्न केलं स्टोकरशी. लागोपाठ दोन वर्षं या दोघांचा नंबर लावायचा म्हणजे कमिटीत कोणीतरी चहाटळ असणारच.